प्लेगच्या साली आलेला पाहुणा : डॉ. वाल्डेमार हाफकिन

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची लस टोचून घेण्यासाठी आम्ही रांगेत उभे होतो. मंडळाचे कार्यालय तेव्हा वर्षभर कुलूपबंद होते. आदल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मूर्ती एका सभासदाच्या घरी बसली आणि आरतीला उरलेले सारे आपापल्या घरून, दूरध्वनीच्या इवल्याशा पडद्यावर हजर राहिले. रांगेत आमच्यापुढे मंडळाचे एक वयोवृद्ध सभासद होते. मरण आले तरी चालेल, पण टोचून घेणार नाही, असा त्यांचा पण आम्ही सर्वांनी ऐकलेला होता. सरकारी पत्रके त्यांनी वाचली होती, वर्तमानपत्रातील आकडेही रोज पाहिले होते. कशाने ते बधले नव्हते. मग आज येथे कसे, असे विचारता त्यांनी जरा ओशाळून सांगितले, की खालच्या मजल्यावरील आजीबाई लस घेऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नित्याप्रमाणे तुळशीला पाणी घालताना दिसल्या.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा चरित्रलेख लिहावा अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस हा प्रसंग आठवला आणि त्यामागोमाग एका माणसाचे नाव आठवले. मुंबईत वाढलेल्या वाचकांना ते नाव परळच्या संस्थेमुळे ठाऊक आहे. पण त्या नावामागचा माणूस मुंबईच्या आधी कोलकात्यात, म्हणजे ज्या शहराने आम्हां मराठी माणसांस पोटाशी धरले त्याच शहरात, राबला होता आणि आयुष्याच्या उतरणीवर पुन्हा येथेच आला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. शिवाय हे गृहस्थ जन्मभर परमुलखातच राहिले. तेव्हा त्यांची कथा सांगण्यास आमच्यासारख्यांचा थोडा अधिकार पोचतो, असे आम्हांस वाटते.

वाल्डेमार मॉर्डेकाय वोल्फ हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा झारच्या रशियात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. इल्या मेचनिकॉफ हे पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले शास्त्रज्ञ त्यांचे गुरू. १८८१ नंतर रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा हा विद्यार्थी वस्तीच्या रक्षणासाठी उभा राहिला आणि तुरुंगात गेला. पुढे प्राध्यापकपद मिळण्यास एकच अडचण उरली होती. ख्रिस्ती धर्म स्वीकारला की ती दूर होणार होती; हाफकिननी नकार दिला. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रविषयक वस्तुसंग्रहालयात काढून १८८८ साली त्यांनी देश सोडला. ते प्रथम जिनीव्हास आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेले. पाश्चर संस्थेत मेचनिकॉफ होतेच; पण शिष्यासाठी मोकळी जागा निघाली ती ग्रंथपालाची. दिवसा पुस्तकांची देवघेव आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या काळी युरोपात पटकीची भीती मोठी होती. पटकीचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखले होते, परंतु त्यांवर खात्रीची लस नव्हती. प्राण्यांवर प्रयोग करीत करीत हाफकिननी लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, काही दिवसांत उतरले. पाठोपाठ काही मित्रांनी टोचून घेतली. लस माणसाला अपाय करीत नाही एवढे यावरून सिद्ध झाले. ती माणसाला वाचविते की नाही हे पाहायचे, तर जेथे पटकी वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून आहे तेथेच जायला हवे होते. पॅरिसमधील ब्रिटिश वकील लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साहाय्याने वाट मोकळी झाली आणि १८९३ च्या मार्चमध्ये तेहेतीस वर्षांचे हाफकिन कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरले.

त्यांचे स्वागत कसे झाले असेल याची कल्पना करता येते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हा रशियन, म्हणजे कदाचित हेर. इंग्रज डॉक्टरांच्या दृष्टीने हा डॉक्टरच नव्हे, कारण वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. आणि लोकांच्या दृष्टीने हा आणखी एक गोरा साहेब, जो सुई घेऊन आला आहे. टोचणे सक्तीचे नव्हते. आपण होऊन पुढे येईल त्यालाच टोचायचे होते. या अटीमुळे काम फार कठीण झाले. आमच्या मते त्यामुळेच ते टिकलेही. आग्र्यापासून आरंभ करून उत्तर हिंदुस्थानातील छावण्या व गावे त्यांनी पालथी घातली. लस दोन वेळा, आठवड्याच्या अंतराने टोचावी लागे. पहिल्या टोचणीला आलेला माणूस तापाने एक दिवस अंथरुणाला खिळला, की दुसऱ्या टोचणीला तो फिरकेलच याचा नेम नसे. रोजावर पोट भरणाऱ्याला एक दिवसाचा ताप म्हणजे एक दिवसाची उपासमार, ही गोष्ट प्रयोगशाळेत कळत नाही.

१८९४ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्पसन यांनी त्यांना बोलाविले. येथील गरिबांच्या बस्त्या लहान लहान तळ्यांभोवती वसलेल्या असत. त्याच तळ्यात धुणे, त्यातच आंघोळ आणि त्याचेच पाणी प्यायला. तळ्यात पटकी शिरली की ती साऱ्या बस्तीत फिरे. लशीची कसोटी पाहण्यास याहून नेमकी जागा मिळणे कठीण. कारण एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्यांत काहींना टोचलेले, काहींना न टोचलेले असे दोन गट आपोआप पडणार होते. काठालबागान नावाची, म्हणजे आपल्या भाषेत फणसबाग, अशी एक बस्ती होती. लोकांनी या मंडळींचे स्वागत दगडांनी केले. त्या वेळी हाफकिननी सर्वांसमक्ष सदरा वर करून सहकारी डॉक्टराकडून स्वतःच्या कुशीत सुई टोचून घेतली. दगड उगारणारे हात थांबले. हा काय प्रकार आहे म्हणून लोक जवळ सरकले. त्या बस्तीतील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे तेथे पटकीचे आणखी दहा रुग्ण झाले व त्यांपैकी सात दगावले. टोचलेल्यांपैकी त्या दहांत एकही नव्हता. चौधरी, घोष, चतर्जी, दत्त हे बंगाली डॉक्टर त्यांच्याबरोबर दारोदार फिरत होते. लोकांची भाषा बोलणारी ही माणसे बरोबर नसती, तर गोऱ्या साहेबाची नुसती कूस पाहून किती जण पुढे आले असते, याची आम्हांस शंका वाटते. त्यांची पहिली नावे शोधण्याचे कष्टसुद्धा फारसे कोणी घेतलेले नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे.

आसामच्या चहामळ्यांतही त्यांनी मजुरांना टोचले. १८९५ पर्यंत चाळीस हजारांवर माणसांना पटकीची लस देऊन झाली होती. मलेरियाने शरीर पोखरल्यामुळे त्यांना विलायतेस परत जावे लागले. पण थोडे सावरताच १८९६ मध्ये ते पुन्हा आले. आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

आमच्या लहानपणी घरातील वडीलधारी मंडळी वय सांगताना सन सांगत नसत. प्लेगच्या साली अमका पाळण्यात होता, तमकीचे लग्न प्लेगच्या आदल्या वर्षी झाले, अशी त्यांची कालगणना असे. उंदीर पडले, एवढे दोन शब्द उच्चारले की सारे घर गप्प होई. वर्तमानपत्रांनी या रोगाला ग्रंथिक सन्निपात असे भारदस्त नाव दिले होते. लोक गाठीचा ताप म्हणत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातील रुग्णांवरून हा प्लेगच आहे असे मूळचे गोव्याचे डॉ. आकासियो व्हिएगस यांनी ओळखले. शहराची वस्ती तेव्हा आठ लक्षांच्या घरात होती; पुढल्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर गावोगाव पांगले. गिरण्या ओस पडल्या, आणि पळणाऱ्यांच्या गाठोड्यांबरोबर प्लेगही आगगाडीत बसला.

सरकारने काय केले हे मराठी वाचकांस नव्याने सांगण्याची गरज नाही. घरे तपासणे, रोग्यांना ओढून इस्पितळात नेणे, बाकीच्यांना छावणीत डांबणे, सामान जाळणे, कौले काढून घरात ऊन सोडणे, गटारे धुणे, स्टेशनांवर उतारूंच्या काखा व जांघा चाचपणे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याआधीच, १८९६ च्या ऑक्टोबरात, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. इस्पितळात माणसांची मोमियाई काढतात, अशी वदंता होती. पुण्यात रँडसाहेबाच्या कारभाराचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री कसा झाला, हे सर्वविदित आहे. परंतु त्याच पुण्यात, त्याच वर्षी, लोकमान्य टिळकांनी शहर न सोडता हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालविले आणि सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च रोजी प्लेगानेच गेल्या, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे. सरकारी इस्पितळाला भिणारी माणसे आपल्या माणसांच्या इस्पितळात जात होती. तेव्हा लोकांचा राग उपचारावर होता असे सरसकट म्हणता येत नाही.

लोकांनी रोगी लपविले, प्रेते लपविली, हे खरे. पण लोक केवळ अडाणीपणाने वागत होते, असे जे त्या काळच्या सरकारी अहवालांतून सुचविलेले असते, ते आम्हांस मान्य नाही. उंदीर पडू लागले की घर सोडायचे, गावाबाहेर शेतात झोपड्या घालून राहायचे, उंदीर पडेनासे झाले की परतायचे, हा रिवाज खेड्यापाड्यांतून रुजला. ही गोष्ट शास्त्राने मागाहून मान्य केली. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग माणसाला होतो असे दाखविले, तरी विद्वानांना ते पटायला आणखी काही वर्षे गेली. तोपर्यंत साहेब गटारे धूत होता आणि कुणबी उंदीर पाहून घर सोडत होता. दोघांपैकी शहाणे कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

अशा मुंबईत ७ ऑक्टोबर १८९६ रोजी हाफकिन दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व एक पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन पट्टेवाले. तीन महिने दिवसरात्र काम चालले. एका साहाय्यकाचे मन या ताणाने खचले, दुसरे दोघे सोडून गेले. लस करण्याची रीत मोठी मजेची होती. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे. पण रस्सा गाईचा वा डुकराचा असला तर हिंदू-मुसलमान कोणीच ती लस अंगात घेणार नाही, म्हणून बोकडाचे मांस. रश्श्यावर साजूक तुपाचे थेंब सोडायचे. तुपाच्या तवंगाला धरून जंतू वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुन्याच्या धाग्यांसारखे खाली लोंबत. चंबू हलविला की ते तळाशी पडत आणि पुन्हा नवे धागे धरत. सुमारे सहा आठवड्यांनी तो सारा अर्क तापवून जंतू मारायचे व थोडे कार्बॉलिक घालून बाटल्या भरायच्या. तुपाचा हा उपयोग आपल्याकडील कोणाही सुगरणीला सुचला नसता!

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस आपल्याच दंडात घेतली, आणि पुढे लोकांना जेवढी द्यायची होती तिच्या तिप्पट-चौपट घेतली. कडक ताप भरला, दंड सुजला. मग कॉलेजातील काही डॉक्टर व विद्यार्थी पुढे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे सव्वातीनशे कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी स्वेच्छेने टोचून घेतले. न टोचलेल्यांत बारा आजारी पडून सहा दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले व दोघेही वाचले.

हे आकडे डॉक्टरांना पटले. चाळीतल्या माणसाला त्यांचे काय? तेथे उपयोगी पडले ते निराळेच गृहस्थ. खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली, आणि एवढ्यावर न थांबता अनुयायांसमोर उघडपणे स्वतः टोचून घेतले. पाहता पाहता हजारो खोजा पुढे आले. शेजारच्या आळीतील इतर जमाती अजून दारे लावून बसल्या असताना खोजांच्या आळीत टोचणीला रांग लागली. धर्मगुरूने हुकूम सोडला असता तरी काहींनी टोचून घेतले असतेच. पण त्यांनी बाही वर केली, ती सर्वांनी पाहिली.

दमणच्या पोर्तुगीज वसाहतीत २,१९७ जणांना टोचले गेले. त्यांपैकी ३६ दगावले. न टोचलेल्या ६,०३३ जणांत १,४८२ मृत्यू झाले. बडोद्याजवळच्या उंढेरा या खेड्यातील प्रयोग तर अधिकच काटेकोर. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे घरोघरची माणसे एकत्र उभी करून प्रत्येक घरातील साधारण निम्म्यांना टोचण्यात आले, म्हणजे एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणाऱ्यांत फरक कळावा. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला तेथे टोचलेल्यांपैकी तिघे आणि न टोचलेल्यांपैकी सव्वीस जण मेले. एकाच घरात कोणाला टोचायचे आणि कोणाला नाही, हे ठरविणारा हात कापला नसेल काय, असा प्रश्न आम्हांस हे वाचताना पडतो. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही. परंतु त्या गावाने जे दाखविले त्याचा आधार पुढे अनेक गावांना मिळाला.

९ मार्च १८९८ रोजी मुंबईत विणकरांच्या वस्तीत घरतपासणीवरून दंगल उसळली. त्यानंतर सरकारचा सक्तीवरील जोर ओसरू लागला आणि टोचणीकडे लक्ष वळले. हुबळीत, कापडाची गिरणी व रेल्वेचा कारखाना असलेल्या त्या गजबजलेल्या गावात, १८९८ सालच्या साथीत हजारो माणसांनी टोचून घेतले. यातील मेख सांगितली पाहिजे. टोचल्याचा दाखला ज्याच्यापाशी असेल त्याला छावणीत डांबले जाण्यापासून सूट मिळे. अनेकांनी प्लेगाच्या भयाने नव्हे, तर छावणीच्या भयाने दंड पुढे केला असणार! हेतू कोणताही असो, दंड पुढे आला. आणि आलेला मनुष्य साथ सरल्यावर जिवंत दिसला, की त्याच्या शेजाऱ्याला दाखल्याचे आमिष लागत नसे. २०२१ मध्ये विमानाच्या प्रवासासाठी आम्हीही असाच एक दाखला बाळगत होतो, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. या वास्तूत एका गव्हर्नराची पत्नी पटकीने वारली होती व त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार टेकडीवर बिऱ्हाड हलविले होते. पटकीने रिकामी केलेली हवेली पटकीच्या लसकाराच्या हाती यावी, हा योग विलक्षण. दरबार भरत असे त्या दालनांत आता रश्श्याचे चंबू मांडले गेले. हाफकिन मुख्य संचालक झाले. सरकारी मानसन्मान मिळाले होतेच. एकंदरीत १९०२ साल उजाडले तेव्हा त्यांचे दिवस भरभराटीचे होते. पंजाबात प्लेगाने थैमान मांडले होते आणि तेथे लक्षावधी लोकांना टोचण्याची प्रचंड मोहीम आखली गेली होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल गावी १०७ माणसांना टोचण्यात आले. त्यांपैकी १९ जणांना ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस दिली होती. आठवड्याभरात त्या एकोणिसांना धनुर्वाताचे झटके येऊ लागले, आणि ते सारे एकोणीस जण मेले. उरलेल्या अठ्ठ्याऐंशींना काही झाले नाही.

आमच्या चरित्रनायकाच्या आयुष्याचे येथे दोन तुकडे होतात. लस बनविताना कार्बॉलिक वगळून केवळ उष्णतेवर विसंबण्याची नवी रीत हाफकिननी सुरू केली होती, कारण मागणी अफाट होती आणि ती रीत जलद होती. चौकशी आयोगाने ठपका ठेवला तो प्रयोगशाळेवर : बाटली मुंबईहून निघण्यापूर्वीच दूषित झाली असावी. हाफकिन पदावरून दूर झाले आणि १९०४ मध्ये हिंदुस्थान सोडून गेले. कागदपत्रे जुळवीत, प्रत्येक मुद्द्याला उत्तर लिहीत त्यांनी पुढली वर्षे काढली. मलकवालला बाटली उघडतेवेळी साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट उकळून न घेता नुसता कार्बॉलिकमध्ये बुडवून वापरला गेला, ही गोष्ट पुराव्यात आली होती. शिवाय बाटली भरून एकेचाळीस दिवस लोटले होते. इतके दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढले असते तर बूच काढताच दुर्गंधी सुटली असती; ती आली नव्हती. विषही तयारच असते, मग झटके इतक्या दिवसांनी का यावेत? मलेरियाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस या प्रश्नाने अस्वस्थ झाले. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून आरोप निराधार असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरीत घेतले. फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणाशी अनेकांनी या प्रकरणाची तुलना केली आहे. ज्यू माणसावर दोष ढकलणे तेव्हाच्या जगात फार सोपे होते.

हाफकिन यांना न्याय मिळाला, पण पंजाबातील मोहिमेला मिळाला नाही. एकोणीस माणसांची वार्ता गावोगाव पोचण्यास आठवडाही लागला नसेल; चिमट्याचा खुलासा पोचण्यास पाच वर्षे लागली, आणि तोही इंग्रजीतून. टोचणारी पथके गावात शिरताच लोक शेतांतून पळू लागले. पुढील काही वर्षांत प्लेगाने सर्वांत अधिक माणसे पंजाबातच मारली. एका प्रांतात टोचणी अशी मागे पडावी याबद्दल आम्ही गावकऱ्यांना बोल लावू शकत नाही. ज्या डोळ्यांनी त्यांनी टोचलेली माणसे जगताना पाहून विश्वास ठेवला असता, त्याच डोळ्यांनी मलकवाल पाहिले होते.

परत आल्यावर परळची प्रयोगशाळा त्यांना मिळाली नाही. तेथे आता दुसरे अधिकारी होते. त्यांना पाठविले गेले कलकत्त्याला, पूर्वीच्या मानाने दुय्यम जागेवर, आणि माणसांवर नव्या लशींची चाचणी घेण्याची मुभा नाकारून. पटकीच्या लशीत सुधारणा करण्याचे त्यांचे बेत कागदावरच राहिले. ज्या शहरात ते उन्हातान्हात बस्त्या तुडवीत हिंडले होते, तेथेच त्यांनी नोकरीची शेवटची सहा-सात वर्षे मेजाशी बसून काढली. १९१४ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते निवृत्त होऊन युरोपला परतले. लग्न त्यांनी केलेच नव्हते. पॅरिसमध्ये व अखेरीस स्वित्झर्लंडच्या लोझान गावी राहताना त्यांचे मन अधिकाधिक आपल्या धर्माकडे वळले. ज्याच्यासाठी तरुणपणी प्राध्यापकपद सोडले, तो धर्म उतारवयात त्यांनी काटेकोरपणे पाळला. जन्मभराची पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांच्या नावे केली.

परळहून मात्र लस जातच राहिली. १८९७ पासून १९२५ पर्यंत प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लक्ष मात्रा मुंबईहून रवाना झाल्या. देशात एकंदर सव्वा कोटीच्या आसपास माणसे प्लेगाने गेली, हेही विसरता येत नाही. ही लस सर्वांना वाचवीत नसे, तिने मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले, इतकेच. १९२५ मध्ये त्या संस्थेस हाफकिन यांचे नाव देण्याचे ठरले. कळविणाऱ्या पत्राला त्यांनी उत्तर धाडले. मुंबईतील कामात आपल्या आयुष्याची सर्वोत्तम वर्षे गेली, असे त्यांनी त्यात कळविले आणि संस्थेला शुभेच्छा दिल्या. मलकवालचा त्यात उल्लेख नाही.

२६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. मुंबईत त्या दिवसांतही परळच्या त्या दालनांत चंबू मांडलेले होते.